न शिकवलेली हाक

एका डोंगराच्या उतारावर, मोहाच्या झाडांत, वानरांचा एक कळप राहत असे. कळपातल्या म्हाताऱ्या वानराला पिल्लांची बुद्धी मोजण्याचा भारी नाद. पळसाची तीन पाने मांडून तो एकाखाली टेंभुर्णीचे फळ लपवी, पाने इकडची तिकडे सरकवी आणि विचारी, "सांग, कुठे आहे?" जे पिल्लू ओळखेल ते हुशार, त्यालाच तो कळपाच्या हाका शिकवी. बिबट्या दिसला तर घोगरे खाकरायचे, म्हणजे सगळे शेंड्याकडे पळतील. गरुड दिसला तर बारीक, चिरक्या आवाजात ओरडायचे, म्हणजे सगळे वर पाहतील आणि दाट पानांत दडतील.

एका वानरीचे पिल्लू या परीक्षेत चुकले. ती गयावया करू लागली, "आजोबा, रात्रभर पोट दुखत होतं हो त्याचं. उद्या पुन्हा बघा ना!"

"परीक्षा सगळ्यांना एकदाच," म्हातारा म्हणाला. "पालथ्या घड्यावर पाणी घालायला मला वेळ नाही."

मुलांनो, शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण तो भात शिजत आलेला असतो. इथे तर अजून चूलही पेटली नव्हती! वानरीला हे कळत होते, पण म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हळूहळू तिलाही तो पटला. पिल्लू विचारी, "आई, ते सगळे असे का खाकरतात?" ती म्हणे, "तुला नाही कळायचं ते. जा, खेळ जा."

एके दुपारी कळप झाडावर मोहाची फुले खात होता. खाली एकट्याने खेळणाऱ्या त्या पिल्लाला गवतात बिबट्या दिसला, सगळ्यांच्या आधी. पळून जायचे सोडून ते बिचारे कळपाला सावध करायला थांबले आणि लांबून ऐकलेली, अर्धीमुर्धी आठवणारी हाक त्याने दिली. ती निघाली बारीक, चिरकी. सगळ्यांनी माना वर केल्या. आभाळ मोकळे होते. "उगाच ओरडू नकोस रे!" वानरी वैतागून म्हणाली. तिने खाली पाहिले, तेव्हा बिबट्या त्याला तोंडात धरून गवतात शिरत होता.

संध्याकाळी म्हातारा म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, त्याला बुद्धी बेताचीच." सगळ्यांनी माना डोलावल्या.

वानरीला रडू आवरेना. "बिबट्या आधी त्यालाच दिसला, आजोबा! हाक कोणती द्यायची, ते त्याला ना तुम्ही सांगितलं, ना मी."

तात्पर्य : एका दिवसाच्या परीक्षेवरून पोराला मंद ठरवून शिकवणे थांबवले, की ते मागेच राहते, आणि मग आपणच म्हणतो, परीक्षा खरी होती.