आईच्या नावाचा डबा

विस्तार अधिकारी नरवणे साहेबांना सगळं येत असे, फक्त ऐकून घेणं येत नसे. ते शाळा तपासायला आले तेव्हा चौथीच्या वर्गात खानोलकरबाई इंग्रजी शिकवत होत्या. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणं, ‘बिलाँग’ म्हणजे एखाद्याचं असणं.

"पोरांचा गोंधळ कशाला उडवता?" साहेब कडाडले. "जे जवळ आहे ते आपलंच! एका तरी पोराने मला हा फरक पटवून द्यावा, नाहीतर तुमच्यावर शेरा मारतो."

बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मुक्ता उठली. तिने दप्तरातून स्टीलचा डबा काढला. झाकणावर नाव कोरलेलं होतं, ‘सौ. मंदाकिनी’.

"सर, हा माझ्याकडे आहे. पण आईचा आहे."

"आई कुठे असते?"

"श्रावणात वारली."

साहेब घुटमळले, पण हटले नाहीत. "मग आता तो तुझाच झाला की."

मुक्ताने डबा त्यांच्यापुढे ठेवला. "मग हे नाव पुसून द्या, सर."

साहेबांनी त्या अक्षरांवरून नुसतं बोट फिरवलं. मग डबा दोन्ही हातांनी उचलून तिला परत दिला.

"घे बाळ," ते हळूच म्हणाले, "आईचा डबा जपून ठेव."