खडखडणारी फळी

“आणखी काय शिकायचं राहिलंय, ते तरी सांगा ना, शांतवनकाका. हे मेज मीच खोललं, मीच जोडलं. मग माझ्या नावानं का नाही द्यायचं?”

शांतवनकाका पटाशीला धार लावत होते. “अजून नाही.”

केतकीनं दात आवळले. फर्निचर डिझाइनची पदवी घेऊन ती नगरच्या या सुतारशाळेत शिकायला आली होती. आल्यापासून हेच उत्तर ऐकत होती.

लिहिण्याचं ते जुनं मेज मधोमध उभं होतं. कुणा मिशनऱ्यानं बोटीनं अमेरिकेहून आणलेलं. अक्रोडाचं लाकूड. बारीक पट्ट्यांचं झाकण एका बोटानं ओढलं तरी वळत वळत खाली यायचं.

ज्या मिशन शाळेचं ते मेज होतं, तिथल्या मोठ्या बाई ते न्यायला आल्या. आपल्याकडे सगळेच बघतात तसं त्यांनी ते धरून हलवून बघितलं.

बाजूची फळी खडखडली.

“ढिलं आहे हो, काका. घट्ट करून द्या,” म्हणत बाई टेम्पोवाल्याला फोन करायला बाहेर गेल्या.

काकांनी लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं केतकीपुढे सरकवलं. “फळीला चारी बाजूंनी लाव.”

“काका... ती चौकटीच्या खाचेत मुद्दाम मोकळी ठेवलीय. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. चिकटवली तर एप्रिलमध्ये उभी तडकेल. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं. आता लाव.”

“बाईंना घाबरता?”

काकांनी पटाशी पुन्हा धारेच्या दगडावर घासली.

“कारण तरी सांगा.”

“मी सांगतोय म्हणून.”

केतकीनं ब्रश बुडवला. फळीपर्यंत नेला... सरसाचा एक थेंब फरशीवर पडला.

तिनं भांडं उचललं आणि मोरीत ओतून दिलं.

“नाही लावणार. हाकलायचं तर हाकला. ज्यानं हे मेज बनवलं त्याला मी ओळखत नाही. पण त्याचं बरोबर आहे आणि तुमचं चूक.”

काका तिच्याकडे बघत राहिले. हसले नाहीत. रागावलेही नाहीत...

बाई आत आल्या. पुन्हा मेज हलवलं. फळी खडखडली.

“अहो काका, हे तर तसंच आहे.”

काकांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसत म्हणाले,

“मला काय विचारता, बाई? ज्यांनी केलंय, त्या समोर उभ्या आहेत.”