विभास दयाळाचं निधन

त्या रानात पक्षी पुष्कळ होते आणि गळा प्रत्येकालाच होता, पण ऐकलं जाई ते एकाचंच. विभास नावाचा दयाळ पहाटे ओढ्याकाठच्या उंबरावर बसून, शेपटी उभारून गाऊ लागला की दाणे टिपायला निघालेले थवे वाटेत थांबत. अंडी उबवणाऱ्या माद्या त्याच्याच ताना घोळवत. जे कधी त्याच्या जवळपासही गेले नव्हते, तेही ‘आमचा विभास’ म्हणत.

शेजारच्या फांदीवर माणक नावाचा तांबट बसे. त्याला एकच स्वर येत होता, टुक् टुक् टुक्, आणि तो कधी चुकत नसे. त्याच ठेक्यावर विभास गाई. गाणं संपलं की पक्षी विभासभोवती गोळा होत आणि माणकला जरा सरकून बसायला सांगत. सात वर्षं तो सरकून बसला.

सातव्या वर्षी पावसाळा सरता सरता विभासचा घसा बसला. त्यातच पिसं झडायचे दिवस आले. एरवी ती थोडी थोडी झडत, कुणाच्या लक्षातही येत नसे. यंदा डोकं उघडं पडलं आणि शेपटीत एकच पीस उरलं.

“या रूपात मला कुणी पाहू नये,” तो माणकला म्हणाला. “मी डोंगरापलीकडच्या कारवीत जाऊन राहतो. फाल्गुनात येईन. कुणी विचारलंच तर बरा आहे म्हणून सांग.”

“सांगेन. तू निश्चिंत जा,” माणक म्हणाला.

तिसऱ्या दिवशी टिटवीला ओढ्याच्या वाळूत काळी-पांढरी पिसं सापडली. टिटवीचा स्वभाव ओरडण्याचा. ढग आला तरी ओरडे, कोल्हा आला तरी ओरडे. त्यामुळे अलीकडे तिच्याकडे कुणी मान वळवत नसे. त्या दिवशी ती “विभास गेला” म्हणून ओरडली आणि सगळं रान वाळूवर उतरलं. एवढे डोळे आपल्याकडे लागलेले तिने कधी पाहिले नव्हते. तिने मग ससाणा सांगितला, त्याची झडप सांगितली, विभासची धडपड सांगितली. दुपारपर्यंत ते सगळं तिला स्वतःलाच आठवू लागलं.

माणक खरं सांगण्यासाठीच उडाला होता. पण तो वाळूवर उतरला तेव्हा गर्दीने बाजूला होऊन त्याला मधे वाट करून दिली. एका साळुंकीने विचारलं, “माणकदादा, शेवटी तुम्हीच होतात ना त्याच्याजवळ? काय म्हणाला तो?”

त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. तो गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्यानेच कित्येकांना रडू फुटलं.

“ठेका सोडू नकोस, म्हणाला,” माणकने सांगितलं.

पिसं उंबराखाली पुरली गेली. रानातल्या वडीलधाऱ्या धनेशाने त्यावर पहिला दगड ठेवला. रोज सकाळी माणक त्या दगडाशी बसून ठेका देई आणि पक्षी डोळे मिटून ऐकत. त्याला सरकायला आता कुणी सांगत नसे.

दुःख जुनं होऊ लागलं तशी कारणं नवी निघू लागली. ससाण्याने नव्हे, बुलबुलांनी विषारी फळ खाऊ घातलं, असं कुणी म्हणालं. बिचाऱ्या बुलबुलांना ओढ्यावर पाणी पिणं मुश्कील झालं. मग एका पोपटाने शोध लावला की विभास चार वर्षांपूर्वीच मेला होता आणि तेव्हापासून गात होता तो एक तोतया. पूर्वीचा विभास गाताना डावीकडे बघे, नंतरचा उजवीकडे. शिवाय समोरच्या कड्यावरून त्याच्या गाण्याचा पडसाद येई, त्यातले शेवटचे स्वर नीट ऐकले तर ‘मी नाही, मी नाही’ असंच ऐकू येई. हे ज्यांना ऐकू आलं नव्हतं, त्यांनाही पोपटाने सांगितल्यावर आठवलं.

फाल्गुनात विभास परतला. अंगावर नवी पिसं होती. आवाज किंचित खाली उतरला होता, पण मोकळा झाला होता. उंबराखाली दगडांचा ढीग कसला, हे त्याला कळलं नाही. तो आपल्या फांदीवर बसला आणि गायला.

गाणं संपलं. कुणी जवळ आलं नाही.

“नक्कल बरी करतो,” पोपट म्हणाला.

विभासला आधी गंमत वाटली. त्याने एकेकाला नावाने हाक मारली. नावं काय, कुणीही पाठ करील, असं उत्तर आलं. त्याने जुनी गाणी जशीच्या तशी म्हटली, तर इतकं हुबेहूब फक्त तोतयाच गाऊ शकतो, असं ठरलं. त्याने कारवीत सुचलेलं नवं गाणं म्हटलं, तर आमचा विभास असलं काही गात नव्हता, असं सांगण्यात आलं. पुरलेलं एक पीस उकरून त्याच्या पंखाशी लावून पाहिलं. ते जुनं, विटलेलं पीस नव्या पिसांशी जुळलं नाही.

“ते माझंच आहे. ते गळलं म्हणून तर हे आलं,” विभास म्हणाला.

शेवटी धनेशाने माणकला बोलावलं. “तू सात वर्षं याच्या शेजारी बसलास. सांग, हा विभास आहे का?”

विभास हसला. आता संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

माणकने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. गर्दीतली साळुंकी हुंदके देत होती. “नाही,” माणक म्हणाला. “पण मेहनत चांगली घेतली आहे.”

दुपारी ओढ्यावर माणक एकटा पाणी पिताना विभासने त्याला गाठलं.

“मी तुझं काय वाईट केलं होतं?”

“काही नाही,” माणक म्हणाला. त्याने मान वर केली नाही. “मी तुझ्यासाठी सहा महिने रडलो, विभास. सुरुवातीचं रडू खोटं होतं. नंतरचं नव्हतं. ते सगळं मी कुठे नेऊन टाकू?”

“मी जिवंत आहे.”

“मला माहीत आहे,” माणक म्हणाला आणि उडून गेला.

विभासने रान सोडलं नाही. कुठे जाणार? त्याला लोक ‘दुसरा’ म्हणू लागले, आणि वेळ जात नसला तर ऐकतही असत.

पुढच्या भाद्रपदात, निधनाला वर्ष झालं त्या दिवशी, सगळं रान उंबराखाली जमलं. दगडांखालून अजून गाणं ऐकू येतं, अशी बोलवा झाली होती. पक्ष्यांनी डोकी वाकवून कान जमिनीला लावले. माणकने हळू ठेका धरला.

तो ठेका कानावर पडताच वरच्या फांदीवर बसलेल्या विभासला राहवलं नाही. तो गाऊ लागला. घसा बसण्याआधीसुद्धा तो कधी इतकं सुरेल गायला नव्हता. माणकचा ठेका एकदा अडखळला आणि पुन्हा सावरला.

साळुंकीने जमिनीवरचं डोकं उचललं. तिचे डोळे भरलेले होते.

“जरा गप्प बसा हो,” ती वर बघून हळूच म्हणाली. “खालचं ऐकू येत नाहीये.”

विभास थांबला. रानात टुक् टुक् एवढाच आवाज उरला, आणि खाली सगळ्यांच्या माना एकदम डोलू लागल्या.