हलक्या रक्ताची कोकरं

फार पूर्वी मद्रपूर नगरीत सुषेण राजा राज्य सांभाळीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एडक्याच्या जन्माला आले होते. राजाच्या कळपात एडके दोन. एक हा, डोंगरातला. दुसरा थोराड, मेंढपाळ कोलिताला सासऱ्याने दिलेला. आता सासऱ्याचा एडका म्हटल्यावर कोलिताचा जीव कुठे असणार, ते सांगायला नको! त्याची कोकरं आयांसकट नदीकाठच्या लुसलुशीत गवतात चरत, आणि डोंगरी एडक्याची खडकाळ माळावर. आयांनाच पोटभर चारा नाही, मग दूध कुठून येणार? त्या कोकरांची नुसती हाडं दिसू लागली.

एके दिवशी राजा कळप पाहायला आला. "ही एवढी रोडकी का रे?"

"रक्तच हलकं, महाराज," कोलित पटकन बोलून गेला.

"मग हलकं रक्त पोसायचं कशाला? बापासकट सगळी उद्या खाटकाकडे दे."

तरीही खरं बोलायला कोलिताची जीभ रेटेना. दोर घेऊन तो एडक्यापाशी गेला. एडक्याने आपणहून मान पुढे केली.

"माझी पोरं वजनाला हलकी आहेत, कोलिता, ते मलाही दिसतं. मला खुशाल ने. पण त्यांना एकदा नदीकाठी चरू दे, मग रक्ताचं काय ते ठरव."

"राजाला सांगणार नाहीस माझं?"

"सांगून तुझी अब्रू जाईल. पोरांच्या पोटात काय जाईल?"

शिव्या दिल्या असत्या, तर कोलिताने दोन परत दिल्या असत्या. या बोलण्यापुढे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच तो राजाच्या पाया पडला, पारख करायला पावसाळा सरेपर्यंत मुदत मागितली आणि दोन्ही एडक्यांची कोकरं नदीकाठच्या एकाच गवतात सोडली.

काय अंग धरलं हो त्या कोकरांनी! पावसाळा सरल्यावर राजासमोर वजनं झाली. तरी सासऱ्याच्या एडक्याची कोकरं जराशी जड भरलीच.

"म्हणजे तुझंच खरं," राजा म्हणाला.

नुसती मान हलवली असती, तर कोलित सुटला असता. एडका तर बोलणार नव्हताच. पण कोलिताला लाजेने राजाकडे बघवेना. "महाराज, आज दिसतो तेवढाच फरक रक्ताचा. तेव्हा दिसला तो माझा. मी यांना उपाशी ठेवलं."

"मग खाटकाकडे तुलाच धाडतो!" राजा कडाडला.

एडका मध्ये आला. "याला कोकरांजवळच राहू द्या, महाराज. आता याच्याइतकं त्यांना कोणी जपणार नाही."

राजाने ऐकलं. कोलित मात्र भर कळपात ओक्साबोक्शी रडला.

एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवंत, विहारातल्या भिक्खू शंखिलाकडे वळले. त्याने सकाळीच एका श्रामणेराला, नुकतीच दीक्षा घेतलेल्या पोराला, कुळावरून हिणवलं होतं. "तेव्हाचा राजा म्हणजे इथले वृद्ध स्थविर. त्या रोडक्या कोकरांतलं एक म्हणजे हा श्रामणेर. कोलित तू होतास, आणि एडका मी."

शंखिलाची मान वर होईना.

"एडक्याने पाळली ती क्षांती, राग न धरता सोसणं," शास्ता म्हणाले, "आणि तुला आता वाटते आहे ती लाज. शंखिला, तोही सद्गुणच आहे."