एका दमात

"मशीनला जात कळते का, बाबा?"

डॉक्टर निकुंभ तणतणतच आले होते. सरकारी दवाखान्यामागच्या कडुनिंबाखाली लालशा फकीर राहायचा. डॉक्टर त्याला गुरू मानत आणि दर गुरुवारी येऊन बसत. माणूस मोठा हुशार, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

कोरोनाची साथ ऐन भरात होती. वॉर्डात अकरा जण गेले होते, त्यातले नऊ पाड्यावरचे भिल्ल. त्या नऊमध्ये तिघी दवाखान्यातल्याच सफाईच्या मावश्या. डॉक्टर भेदभाव करतात, असं आज कोणीतरी तोंडावर म्हणालं होतं.

"मावश्यांना साधे कापडी मास्क दिले, ती चूक मी मान्य केली. सोमवारपासून त्यांनाही किट दिले. पण बेड देताना मी तोंड बघत नाही, बाबा. बोटाला ऑक्सिमीटर लावतो. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली आला की आत, नाहीतर घरी. पाटील असो की भिल्ल!"

फकिराची नजर पाराकडं गेली.

पाराला टेकून सुरतीबाई वसावे बसली होती. ही वॉर्ड झाडणारी. डॉक्टरांनीच तिला सकाळी तपासून घरी धाडलं होतं. चालवेना, म्हणून ती इथंच थांबली होती.

"हिचा आकडा किती?" फकिरानं विचारलं.

डॉक्टरांनी खिशातून मशीन काढून तिच्या काळ्या, राठ बोटाला लावलं. "शहाण्णव. उत्तम आहे."

"बरी हाय... सायेब..." सुरतीबाई म्हणाली.

"आम्ही फकीर एका दमात जमेल तितकं देवाचं नाव घेतो," फकीर म्हणाला. "आज आकडे घेऊ. बेटा, आधी तू."

डॉक्टर हसले. छाती भरून मोजू लागले, ते बत्तीसवर थांबले.

"आता तू, सुरतीबाई."

"एक... दोन... तीन..."

सहावर तिचा दम संपला.

डॉक्टरांनी मशीनकडं पाहिलं. शहाण्णव. मग पहिल्यांदाच बाईकडं नीट पाहिलं. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. त्यांना भयंकर लाज वाटली.

"काळ्या कातडीवर हे मशीन आकडा खऱ्याहून जास्त दाखवतं, असं वाचलं होतं मी..." ते पुटपुटले. "वाचलं आणि सोडून दिलं."

त्यांनी फोन लावला. "सिस्टर, ऑक्सिजनचा बेड तयार ठेवा. सुरतीबाईंना घेऊन येतोय. हो, आत्ताच."

फोन ठेवला तरी ते जागचे हलेनात.

"बाबा, त्या नऊजणांनाही आधी असंच आकडा बघून घरी पाठवलं होतं, आत घेतलं ते फार उशिरा. त्यांच्या घरच्यांना काय सांगू?"

फकिरानं सुरतीबाईला उठायला हात दिला.

"आकडा बघून घरी पाठवलेले अजून किती आहेत पाड्यावर?"

"सात..."

"मग गाडी मोठी घे, बेटा."