पोरक्या पाडसांसाठी धाव

एका जंगलात सगळं छान चाललं होतं. जे छान चाललं नव्हतं, ते टेकडीपलीकडे होतं. आणि पलीकडचं दिसू नये म्हणूनच देवानं टेकडी घातली आहे, असं प्रधान जंबुकराव कोल्हे सांगत.

पलीकडे वणवा लागून गेला होता. हरणांची काही पाडसं पोरकी झाली होती. ती जळके बुंधे चाटत बसायची. येसू मुंगशीनं ते पाहिलं आणि तिला घास गोड लागेना. तिनं ठरवलं, आपण एक शर्यत घ्यायची, ओढ्यापासून वडापर्यंत. धावणाऱ्यानं येताना चाऱ्याची एक पेंढी आणायची. सगळ्या पेंढ्या पाडसांना द्यायच्या.

ससे तयार झाले, सांबरं तयार झाली. म्हातारी भागा साळिंदर म्हणाली, "मला काही पळवत नाही गं. पण पेंढी घेऊन मागनं चालत येईन."

प्रधानांना हे कळलं. ते स्वतः येसूच्या बिळापाशी आले.

"परवानगी काढलीत?"

"पळायला परवानगी लागते?"

"येसूताई, सगळी प्रजा एकाच दिशेनं पळताना दिसली, तर शेजारचं राज्य काय म्हणेल? राज्य सोडून चालली म्हणेल!"

परवानगी मिळाली. अट एकच, उद्घाटन वाघोबा महाराजांच्या हस्ते. मग नाव बदलून 'वाघोबा महादौड' झालं. सगळ्यांच्या पेंढ्या आधीच गोळा करून उद्घाटनाच्या मंडपामागे ठेवल्या. त्यांच्या पहाऱ्याला गवे नेमले.

त्या दिवशी सगळे सकाळपासून उन्हात उभे होते. महाराज दुपारी आले. पाडसांना हार घालून पुढच्या रांगेत बसवलं होतं. एका पाडसानं हार खायला घेतला, तेव्हा तो काढून घेण्यात आला.

जंबुकराव गरजले, "आजवर या जंगलात लोक पळत नव्हते का? पळत होते, पण भीतीनं! आज पहिल्यांदाच अभिमानानं पळणार आहेत!"

"पळेल जंगल, वाढेल जंगल!" माकडांनी घोषणा दिली.

आणि शर्यत सुरू करण्यासाठी महाराजांनी डरकाळी फोडली.

ससे काटवणात घुसले, सांबरं ओढ्यात पडली, माकडं शेंड्यावर गेली, पाडसं दिसेनाशी झाली. मैदानात एकटे महाराज उरले. त्यामुळे त्यांना विजयी घोषित करण्यात आलं. इतका उत्स्फूर्त प्रतिसाद आजवर कुठल्याच उपक्रमाला मिळाला नव्हता, असं प्रधान म्हणाले.

येसू धावत मंडपामागे गेली. पेंढ्या नव्हत्या. गवे रवंथ करत होते.

"चारा कुठंय?"

"वाटला," जंबुकराव म्हणाले.

"कुणाला?"

प्रधानांनी शेपटीनं डोळे पुसले. "ताई, निदान पोरक्या लेकरांच्या दुःखाचं तरी राजकारण करू नका."

संध्याकाळी पोपटांनी जंगलभर बातमी दिली, की राज्यात आता एकही पाडस उपाशी नाही.

येसू खूप रडली. मग डोळे पुसून उठली. ती आणि भागा दारोदार हिंडल्या. कुणी पाला दिला, कुणी मूठभर गवत. कुणाचं नाव नाही, घोषणा नाही. दोघींनी ते टेकडीपलीकडे ओढत नेऊन पाडसांपुढे टाकलं. पाडसं इतकी भुकेली होती, की खाताना त्यांचे पाय थरथरत होते.

परतताना शिपाई तरसांनी दोघींना पकडलं. महाराजांनी उपासमार संपवल्यानंतरही उपाशी शोधून काढल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला आहे.