घाटमाथ्यावरून परत

एकदा एका गावात एक वृद्ध गृहस्थ राहत होते. गाव त्यांना शहाणे समजत असे. ते स्वतः मात्र तसे समजत नसत. उभा जन्म त्यांनी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले, त्यात मोठ्या पदव्या मिळवल्या, आणि एवढ्या अभ्यासाचे फळ म्हणून त्यांच्या पदरी एक खोड पडली: कोणतेही विधान केले रे केले की त्याची दुसरी बाजू त्यांना तत्काळ दिसू लागे. लोक त्यांना 'सर' म्हणत, अदबीने सल्ला विचारत आणि समाधानाने घरी जात. सल्ला देऊन झाल्यावर बेचैन होत ते सर.

तशात त्यांच्याकडे एक विलक्षण काम होते. त्या गावात मोटारसायकलवर लांबचे पल्ले मारणाऱ्यांचा एक जुना मेळा होता. उजाडताना निघायचे आणि पुन्हा उजाडेपर्यंत देशाचे दक्षिण टोक गाठायचे, ही त्यांची सर्वांत अवघड सफर. पण उठला आणि निघाला, असे तिथे चालत नसे. आधी एक परीक्षा द्यावी लागे. परीक्षार्थीने पहाटेपासून एकट्याने पूर्वेच्या उघड्या पठारावर गाडी पिटाळायची, दुपार कलताना गावात यायचे, सरांना मागे बसवून घ्यायचे आणि पश्चिमेचा घाट उतरून समुद्र गाठायचा. सर शेवटच्याच टप्प्याला बसत, कारण ताजा माणूस कसा चालवतो हे पाहण्यात काही अर्थ नसतो. शिणलेला कसा चालवतो ते पाहायचे. परत आल्यावर सरांनी 'जा' म्हटले, की मगच तो माणूस सफरीला निघे. सरांना हा अधिकार त्यांचे गुरू सुभेदार इंगवले यांच्याकडून मिळाला होता. सुभेदार लष्करात मोटारसायकलवरून टपाल पोचवत आणि निवृत्तीनंतर गावातल्या पोरांना गाडी शिकवत. आजवर सरांनी ज्यांना 'जा' म्हटले ते सगळे सुखरूप परतले होते. तरी ते परतेपर्यंत सरांना अन्न गोड लागत नसे.

त्या वर्षी परीक्षेला पद्मजा चौगुले होती. ती जनावरांची डॉक्टर. वर्षभर तिने तयारी केली होती. सकाळी उठून पाठीचे व्यायाम, रविवारी लांबच्या फेऱ्या, कमी पाण्यावर आणि हलक्या जेवणावर राहण्याची सवय. रजा मंजूर झाली होती, गाडीचे काम नुकतेच झाले होते. राहिला होता फक्त सरांचा शब्द. तिच्या आईने तर स्पष्टच सांगून टाकले होते, "सर जा म्हणाले तर जा. नाही म्हणाले तर पुन्हा हा विषय या घरात नाही." वडिलांच्या पश्चात दोघीच होत्या. आईचे मन मोडून निघणे पद्मजाला जमणार नव्हते, आणि सरांना ते ठाऊक होते.

थंडीचे दिवस होते. ठरल्याप्रमाणे ती दुपारी आली. चेहरा धुळीने माखलेला, डोळ्यांभोवती चष्म्याची पांढरी वर्तुळे.

"बसा सर. घट्ट धरा हं. मागं वळून बघायला मला वेळ नाही."

"पडलो तर सांगीन," सर म्हणाले आणि एक पाय उचलायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

तिचे चालवणे सुरेख होते. उसाच्या गाड्यांना ती अंतर राखून ओलांडत होती, गावे आली की वेग उतरवत होती. सर निर्धास्त झाले. निर्धास्त झाल्याबरोबर त्यांना आपल्या निर्धास्तपणाची शंका आली, आणि ते बारकाईने पाहू लागले. घाटाची चढण लागली तेव्हा त्यांना वाटले, हिचा गिअर किंचित उशिरा पडतो आहे. एक खड्डा तिने चुकवला, पण चुकवायचा तेवढ्या अलगद नाही. की आपली कंबर धरली म्हणून आपल्याला तसे वाटते? मग माथा आला. शेवटच्या वळणावर दऱ्या एकदम उघडल्या आणि दूर खाली समुद्र दिसला, उन्हात चकाकणारी पितळी काडी जणू. पद्मजाने आनंदाने हॉर्न वाजवला आणि गाडीला वेग दिला.

सरांनी तिच्या खांद्यावर थाप मारली. "थांब."

टपरीपाशी तिने गाडी उभी केली. "काय झालं? काही राहिलं का?"

"नाही. इथून परत वळव."

तिला वाटले थट्टा आहे. सरांचा चेहरा पाहून तिचे हसू मावळले. "सर, तो बघा समुद्र. दिसतोय! घाट उतरला की पोचलो."

"दिसतोय खरा."

"मग? चुकलं काय माझं? सांगा ना. वर्षभर घासलंय मी. आता काठावरनं परत जाऊ? आई काय म्हणेल? म्हणजे तुम्ही 'जा' म्हणणार नाही, असंच ना?"

"ते मी अजून ठरवलं नाही."

"तुम्ही घाबरलात, सर," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच ते उद्धट वाटले.

"होय," सर म्हणाले. "घाबरलोच. चहा घेतेस?"

दोघे बाकावर बसले. चहा आला. पद्मजाने तो हातात धरला, प्यायली नाही. सर दरीकडे पाहत राहिले. मध्ये आता लोखंडी कठडा होता, शेजारी मोबाईलचा मनोरा, आणि कठड्याला टेकून दोन जोडपी फोटो काढत होती. पण सरांच्या डोळ्यांपुढे यातले काहीच नव्हते. त्यांना दिसत होती एक जुनी जड गाडी, किक मारताना उलटा झटका देणारी, आणि तिच्या तापलेल्या इंजिनाला येणारा तेलाचा वास.

"याच जागी एकदा मला परत फिरवलं होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला? कुणी?"

"सुभेदारांनी. तेव्हा मी तुझ्याहून लहान. नुकताच प्राध्यापक झालो होतो आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचे ते दिवस. सुभेदार मागे बसलेले, अंगात विटका खाकी स्वेटर. हा कठडा नव्हता. टपरीसुद्धा गवताची होती, आत रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. असाच समुद्र दिसला, मी आरोळी ठोकली, आणि ते म्हणाले, 'वळीव गाडी.'"

"का?"

"नाही सांगितलं."

"तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं की. तर म्हणाले, 'लई शिकलायस न्हवं? मग काढ शोधून.'"

पद्मजाला हसू आले, पण तिने ते दाबले. "बाकीच्यांना पण फिरवायचे का परत?"

"कुणालाच नाही. फक्त मला. आणि मी आजवर कुणाला फिरवलं नव्हतं. तुला पहिल्यांदाच. त्यानंतर मी त्या किनाऱ्यावर कितीतरी वेळा गेलो. मित्रांबरोबर गेलो, लग्न झाल्यावर गेलो. त्यातली एकही खेप आता नीट डोळ्यांसमोर येत नाही. सोबतचे तर पांगलेच सगळे. काही लेकरांकडे परदेशात, काही त्याहून लांब. आणि न गाठलेला तो एक दिवसाचा समुद्र मात्र अजून जशाच्या तसा आहे. उन्हासकट."

"पण कारण काय, सर? मला पण काढ शोधून म्हणणार का?"

"कारण मलाही पुरतं ठाऊक नाही. कदाचित सुभेदारांची पाठ धरली असेल. माझी आत्ता धरलीच आहे." मग त्यांचा स्वर जरा बदलला. वर्गात उभे राहिले की बदलत असे तसा. "पण मला जे सुचतं ते सांगतो. गाडी धावत असताना मनात भीती येते, ती खरी की खोटी, हे मला ओळखता येत नाही. जन्मभर प्रमाण आणि आभास यांतला भेद शिकवला, तरी येत नाही. मघाशी घाटात मी घाबरलो. त्यात तुझं काही चुकत होतं, की हा म्हातारपणाचा भित्रेपणा, मला कळेना. आणि तुझ्या त्या हुरुपाचंही तसंच आहे, बाळ. समुद्र दिसला की 'आता काय, पोचलोच' असं जे वाटतं, ते अंगातलं बळ असतं, की थकवाच बळाचं सोंग घेऊन आलेला असतो? धावताना नाही कळत. भीतीला काय आणि हुरुपाला काय, समोर बसवून विचारायचं तर गाडी उभी करावी लागते. या वाटेवर माणसं पडतात ती बहुधा समुद्र दिसल्यावर. 'एवढंसं तर राहिलंय' म्हणून शेवटचा थांबा गाळतात. पोचायचा सराव तू वर्षभर केलास. समोर दिसणाऱ्या समुद्राकडे पाठ करायचा सराव केला नव्हतास. म्हणून थांबवलं. आता माझं सांगून झालं. गाडी तुझी आहे. पुढे न्यायची तर पुढे ने, मी येतो; परत न्यायची तर परत."

पद्मजाच्या हातातला चहा निवून त्यावर साय धरली. मग तिने डावा हातमोजा दातांनी ओढून काढला आणि हात सरांच्या पुढे धरला.

"या दोन बोटांना कळत नाहीये काही. पठारावर होते तेव्हापासनं. क्लच बोटांनी नाही, खांद्यातनं ओढतेय."

सरांनी तिचा हात हातात घेतला. बोटे थंड पडली होती. "मघाशी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही बसला असता मागं?" ती कडवट हसली. "गंमत बघा. कुणी असं लंगडतं जनावर घेऊन आलं असतं ना, तर मालकाला फाडून खाल्लं असतं मी. म्हटलं असतं, मुक्या जीवाला बोलता येत नाही, पण तुला डोळे नाहीत का? आणि मला तर बोलता येत होतं."

"कशानं झालं असेल?"

"गाडीचं काम झालं तेव्हा हँडल जरा खाली बसवलंय. सगळं वजन मनगटावर येतंय. सकाळीच लक्षात आलं होतं, पण म्हटलं आजचा दिवस निभेल. परवा उचलून घेते. हाताला दोन दिवस विश्रांती दिली की येईल ताळ्यावर." ती उठली, हातमोजा चढवला, आणि समुद्राकडे न पाहता गाडी वळवली. "बसा. परत जायचंय. आणि तुमच्यासाठी नाही हं, माझ्या बोटांसाठी."

"त्यांचे आभार मान," सर पाय उचलता उचलता म्हणाले.

उतारावर ती सावकाश आली. वाटेत एकदा आपणहून थांबली, हात झटकला, बोटे उघडमीट केली आणि पुन्हा निघाली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच उभी होती.

"आलात? समुद्रावर जाऊन आलात?"

"नाही गं," पद्मजा म्हणाली. "माथ्यावरनं परतलो. हात दुखावला."

आईच्या चेहऱ्यावरची काळजी क्षणात विरली. "बघ, मी म्हणत नव्हते? आता राहिलं ना ते जाणं? सर, तुम्हीच सांगा तिला."

दोघी सरांकडे पाहू लागल्या. सरांच्या मनात नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. मुलगी एकदा दुखणे लपवून बसली होती. ती पुन्हा लपवणार नाही याला पुरावा काय? आणि एकदा उघड बोलली होती. ती पुन्हा बोलणार नाही याला तरी पुरावा काय? तर्कशास्त्रात याच्या पुढे वाट नव्हती.

"हात बरा झाला," ते पद्मजाला म्हणाले, "की जा."

पद्मजाने गळ्यातला रुमाल डोळ्यांना लावला. आई मात्र पुढे झाली. "असं कसं म्हणता सर? काही होणार नाही ना तिला?"

"ते मला ठाऊक नाही, वहिनी."

"ठाऊक नाही आणि जा म्हणता?"

"आज समुद्र समोर दिसत असताना तिनं गाडी वळवली. ज्याला वळवता येतं त्याच्याच हाती दूरची वाट द्यावी, एवढं मला पटतं. याहून जास्त मला माहीत नाही."

"म्हणजे तुम्हाला घोर नाही लागणार?"

"लागणार की! ती परत येईपर्यंत दोन वेळा चौकशीला येईन तुमच्याकडे. चहा ठेवा."

आईने डोळे पुसले आणि कुरकुरत का होईना, पण लेकीचा हात आपल्या हातात घेऊन तेल लावायला तिला आत नेले.

सर चालत घराकडे निघाले तेव्हा त्यांना त्या जुन्या दिवसानंतरची सकाळ आठवली. सुभेदार सायकलवरून दाराशी आले होते. "जा" म्हणाले आणि वळले. त्यांचे डोळे लाल होते. गार वाऱ्यात सायकल मारत आले म्हणून असतील, असे तेव्हाच्या तरुण प्राध्यापकाला वाटले होते, आणि पुढे इतकी वर्षे तसेच वाटत राहिले होते. सर रस्त्यातच थबकले. त्या रात्री सुभेदार झोपलेच नव्हते.

'जा' म्हणताना लागणारा जो घोर त्यांना जन्मभर आपली उणीव वाटला होता, तो गुरूलाही लागत होता, आणि तरीही ते सकाळी उठून आले होते. सरांना एकाएकी हलके वाटले. ते हळूहळू चालू लागले.

ज्याला कोणाला 'जा' म्हणायचे असते, त्याने आपली भीती सरण्याची वाट पाहत बसू नये.